कोपऱ्यातला चौकोन

धुळ्याला माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, फ्लेक्स बॅनर तयार करून देण्याचं दुकान आहे. तिथे एका लग्नाच्या बॅनरवर जी चूक झाली ती माझी होती. अक्का ती स्वतःची समजते. मी तिला हे फोनवर सांगितलं, समोर बसून सांगितलं, दाजींच्या देखत सांगितलं, शेवटी संगणकावर करूनही दाखवलं. तिला पटत नाही. ती माझं सगळं ऐकून घेते, मान हलवते, चहा ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेऊन कामाला बसते. आपली चूक कबूल करायला माणूस घाबरतो असं मी ऐकत आलो. कबूल करूनही समोरचा ती घेत नसेल तर तिचं काय करायचं, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

मी जळगावला पिंप्राळ्यात राहतो. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण साथीच्या काळात घरी आलो तो परत गेलोच नाही. वरच्या खोलीत टेबल, त्यावर दोन स्क्रीन, आणि खाली फरशीवर झाकणं काढून ठेवलेले जुने संगणक. मी नेमकं काय करतो हे कॉलनीत कोणालाच कळत नाही. शेजारचे नाना एकदा पाण्याच्या टाकीचं विचारायला वर आले. स्क्रीनवर एक राखाडी ससा गोल गोल फिरत होता. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा थांबत नाही का?"

"थांबवता येतो, नाना. मी त्याचा वेग मोजतोय."

"याचा पगार देतात?"

"देतात."

"मग फिरू दे," म्हणाले आणि टाकीचं न विचारताच खाली गेले.

संगणकात चित्र काढायचं काम करणारं एक वेगळं कार्ड असतं, आणि त्या कार्डाला काय कर, कसं कर ते सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. मी जुन्या कार्डांच्या ड्रायव्हरवर काम करतो. त्यातही गेली काही वर्षं माझं काम एकाच गोष्टीपुरतं आहे. कार्डाच्या अगदी हाताशी एक छोटी, चपळ जागा असते, तिला कॅश म्हणतात. मोठी मेमरी तिथून लांब. कार्ड आपलं काम हाताशी करतं, आणि 'रिकामं कर' असा हुकूम आला की ते मोठ्या मेमरीत नेऊन टाकतं. हुकूम द्यायचा राहिला आणि कार्डाच्या दुसऱ्या एखाद्या भागाने मोठ्या मेमरीतून वाचलं, तर त्याला तिथे आधीपासून पडलेलं काहीतरी जुनं मिळतं.

या भीतीपोटी जुन्या ड्रायव्हरमध्ये पदोपदी 'रिकामं कर' लिहिलेलं होतं. आमच्याकडे पंगतीला वरण-बट्टी असते. वाढप्याने एका पानावर वरण वाढलं की बादली आत नेऊन ओतायची, घासायची, पुन्हा भरून आणायची आणि मग पुढचं पान, असं कोणी केलं तर पंगत कधी उठेल? ड्रायव्हर तसाच चालत होता. मी एकेक हुकूम बघायचो आणि विचारायचो, इथे बादली धुतली नाही तर काय बिघडेल? पुन्हा वरणच भरायचं असेल तर काही बिघडत नाही. मठ्ठा भरायचा असेल तर मात्र धुवावीच लागते. जिथे धुणं नको तिथला हुकूम मी काढून टाकायचो. काम कंटाळवाणं, पण मला आवडायचं. वर्षानुवर्षं कोणीतरी भ्यायलं म्हणून लिहून ठेवलेलं काढून टाकण्यात मला बरं वाटायचं, हे खरं आहे.

आता अक्काचं दुकान. पारोळा रोडच्या आत एका गल्लीत दहा बाय दहाची खोली. अक्का बॅनरचं चित्र तयार करते, दाजी ती फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन एमआयडीसीतल्या छापखान्यात जातात, गुंडाळी आणतात, लाकडी चौकट ठोकतात आणि गिऱ्हाइकाच्या दारी नेऊन टांगतात. वाढदिवस, लग्न, बारसं, निवड झाल्याबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. धुळ्यात माणसाचं काहीही झालं तरी ते फ्लेक्सवर येतं.

या धंद्याची एक रीत आहे. कोरं पान कोणी घेत नाही. कालचा बॅनर उघडायचा, फोटो बदलायचा, नावं बदलायची, रंग थोडा हलवायचा आणि त्याच फाईलवर ठेवून द्यायचं. जुने फोटो, हार, महिरपी, समया पानाच्या बाहेर बाजूला सरकवून ठेवायच्या, पुन्हा लागतात म्हणून. त्यामुळे सगळ्याच फ्लेक्सवाल्यांकडून एक चूक होते. आधीच्या माणसाचं काहीतरी नव्या माणसाच्या बॅनरवर राहून जातं. कुणाच्या बारशाच्या खाली दुसऱ्याच मित्रमंडळाचं नाव, कुणाच्या वाढदिवसाला मागच्या वर्षीचं गाव. गिऱ्हाइकं हसतात, भांडतात, विसरतात. अक्काकडून मात्र असं कधी होत नसे. तिची तीच ख्याती होती. गल्लीत आत असूनही लोक तिच्याकडे येत, कारण मोठ्या रस्त्यावरचं नवं दुकान झटपट द्यायचं आणि अक्का बिनचूक द्यायची.

पण तिचा संगणक फार हळू होता. मीच तो दिला होता, माझ्या फरशीवरच्या ढिगातला. चोरीचे प्रोग्राम नकोत म्हणून त्यावर सगळं फुकटातलं, खुलं असलेलं बसवून दिलं होतं, तेही तिने तक्रार न करता शिकून घेतलं. मोठा बॅनर हलवला की चित्र अडकत अडकत यायचं. छपाईची फाईल बनवायला लावली की गिऱ्हाईक बाहेर जाऊन पान खाऊन यायचं. मी एका दिवाळीला ते पाहिलं आणि मला राहवलं नाही. त्या संगणकात तेच जुनं कार्ड होतं ज्याच्या ड्रायव्हरवर मी घरी काम करत होतो. माझा ड्रायव्हर अजून बाहेर पडला नव्हता, इतरांनी तपासायचा होता. मी तो घरातलीच माणसं म्हणून तिच्या संगणकावर बसवला.

अक्काने बॅनर पकडून या टोकाला नेला, त्या टोकाला नेला. चित्र हाताबरोबर सरकलं. फाईल बनली तेव्हा गिऱ्हाईक अजून खुर्चीतून उठतच होतं.

"अरे भाऊ, हे काय करं तू?" ती म्हणाली. गिऱ्हाइकांशी ती शहरातलं मराठी बोलते, पण मनापासून काही निघालं की भडगावची अहिराणी येते. आम्ही दोघं तिथेच वाढलो.

दाजी चौकट ठोकत होते. "साल्यानं माझ्या लग्नात काही दिलं नव्हतं," ते म्हणाले, "ते आज दिलं."

मी तो दिवस फार अभिमानाने घरी आणला. बायकोला दोनदा सांगितलं.

लग्नसराईत शिरपूरकडच्या एका गावातून लग्नाचा बॅनर आला, मांडवाच्या दारावर लावायचा. त्याच दुपारी अक्काने आधी एका श्रद्धांजलीचा बॅनर केला होता, तोही मोठा. एक फाईल बनवली, लगेच दुसरी बनवली, दाजी दोन्ही घेऊन छापखान्यात गेले. गुंडाळ्या आल्या. लग्नाचा बॅनर दाजींनी पहाटे अर्धवट उजेडात टांगला आणि ते दुसऱ्या कामाला गेले.

वऱ्हाड आल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. खालच्या उजव्या कोपऱ्यात, नवरीच्या मामांच्या नावांशेजारी, एक हातभर चौकोन. त्यात चंदनाच्या हाराचा तुकडा आणि 'श्रद्धांजली'मधली शेवटची दोन अक्षरं.

दुसऱ्या दिवशी नवरीचे काका दुकानात आले. अक्का आणि दाजींनी मला नंतर सांगितलं ते असं. म्हातारा ओरडला नाही. खुर्चीतही बसला नाही.

"ताई," तो म्हणाला, "मनी पुतनीना लगनमा तुम्ही मांडवना दारवर मरेल माणूसना हार टांगा. बठ्ठा गाव दखी राहिना व्हता."

अक्काने संगणकावर छपाईची फाईल उघडली. चौकोन तिथे होता. तिने तो मोठा करून पाहिला. हाराची फुलंसुद्धा तिला ओळखू आली, तिनेच लावलेली.

"नवरदेवनी माय तठेच बशी गयी," म्हातारा म्हणाला. "आम्ही वर सोनेरी कागद लावा. पन दखेल ते दखेल शे."

सगळ्या गावाने पाहिलेलं आता पुसता येणार नव्हतं. अक्काने हात जोडले. ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडून राहिलं." बॅनर परत छापून देते म्हणाली. म्हातारा म्हणाला, आता काय करायचा, लग्न झालं. आणि गेला.

मला फोन दाजींचा आला. त्यांनी ते हसण्यावारी नेत सांगितलं. "तुझी बहीण म्हातारी झाली. लग्नात मयताचा हार घालते." मी विचारलं, तुकडा कसा होता. "कसा म्हणजे? चौकोनी. पट्टीनं कापावा असा."

मला तेव्हाच शंका आली. माणूस चुकतो तेव्हा अख्खा हार राहतो, अख्खं नाव राहतं. हाराच्या मधून सरळ रेषेत गेलेली कड, अक्षरं उभी चिरलेली, हे माणसाचं काम नाही. कार्ड चित्राचे चौकोन पाडून काम करतं. एक चौकोन जुना राहिला होता. मी काढलेल्या हुकुमांपैकी कुठला तरी एक हवा होता.

सकाळच्या एसटीने मी धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा, सगळ्या वाटेने मी वाक्यं जुळवत होतो. दुकानात अक्का एकटी होती. मी उभ्यानेच सांगितलं, की हे तुझ्याकडून झालेलं नाही, मी बसवलेल्या ड्रायव्हरमुळे झालं आहे. चौकोनाचं सांगितलं, कॅशचं सांगितलं, पंगतीच्या बादलीचं सांगितलं.

तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "फोटो मी चौकोनीच कापते रे. हाराचा तुकडा मी बाजूला ठेवलेला होता. सरकला असेल."

"मूळ फाईल दाखव. तिच्यात तो नसेलच."

तिने फाईल उघडली. त्यावर एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचा बॅनर होता. रीतीप्रमाणे तिने पुढचं काम त्याच फाईलवर केलं होतं. लग्न त्याच्याखाली कधीच गेलं होतं.

"स्क्रीनवर तुला दिसला होता का तो चौकोन?" मी विचारलं.

"नाही दिसला. म्हणजे मी पाहिलं तेव्हा नव्हता." तिने चष्मा कपाळावर सरकवला. "मी पाहिलं असं मला वाटतंय."

मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, भाऊ. आबानं घड्याळ मनाकडथीन पडनं व्हतं, तव्हय बी तू म्हने, मी पाडं."

ते खरं होतं. वडिलांचं मनगटी घड्याळ तिच्या हातून ओट्यावर पडलं, आणि तिला मार बसेल म्हणून मी ते माझ्यावर घेतलं होतं. तिला ते आयुष्यभर गोड वाटत आलं. त्यामुळे आता मी जितकं कळवळून सांगत होतो तितकं तिला ते घड्याळच दिसत होतं.

मी दुकानात राहिलो. तीच चूक पुन्हा दिसली असती तर तिला तिथेच दाखवता आलं असतं. मी बाजूला माझा लॅपटॉप घेऊन बसायचो, ती काम करायची, प्रत्येक छपाईची फाईल मी उघडून कोपरान् कोपरा बघायचो. काही येत नव्हतं. मी स्वतः खोटे बॅनर बनवून पाहिले, वाढदिवस, निवडणूक, वाटेल ते. काही येत नव्हतं. दाजी येता-जाता विचारायचे, "काय सायेब, भूत सापडलं का?" दोन दिवसांनी विचारायचे थांबले, ते मला जास्त लागलं.

जळगावला परतण्याआधी मी भीतीने जे करायचं ते केलं. जे हुकूम मी एकेक विचार करून काढले होते ते सगळेच्या सगळे तिच्या संगणकावर परत घातले. कुठला हवा होता ते कळत नव्हतं म्हणून सगळे. संगणक पूर्वीसारखा हळू झाला. अक्काने बॅनर हलवला, तो अडकत आला. मी म्हणालो, सापडेपर्यंत असू दे. ती म्हणाली, "असू दे. हळूच बरं."

मला वाटलं होतं एवढ्यावर थांबेल. थांबलं नाही. दाजी फोनवर सांगायचे. अक्का आता प्रत्येक बॅनर दाजींना मोठ्याने वाचायला लावते. लग्न आणि श्रद्धांजली एका दिवशी घेत नाही, आलेलं श्रद्धांजलीचं काम परत पाठवते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली, नंबर तोच निघाला, तर म्हणाली मग डोळ्यांचं नसेल, डोक्याचं असेल. स्कूटर चालवणं सोडलं. गॅस बंद केला का ते बघायला गल्लीच्या तोंडापासून परत जाते. आणि एका कामानंतर दुसरं काम घ्यायच्या आधी नुसता प्रोग्राम नाही, आता संगणकच पूर्ण बंद करते, थोडं थांबते, पुन्हा चालू करते. कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, मधे बंद केलं की आधीचं काही उरणार नाही.

तिचा उपाय बरोबर होता. संगणक बंद केला की कार्डाची सगळी मेमरी जाते. तिने माझ्या एका राहून गेलेल्या हुकुमाच्या जागी जगातला सगळ्यात मोठा 'रिकामं कर' शोधून काढला होता.

मी तिला फोन केला. "अक्का, बंद-चालू करायची गरज नाही. मी सगळं पूर्वीसारखं केलंय."

"माहीत शे रे. मी मनासाठी करस."

"तुझ्याकडून चूक झालीच नव्हती."

"बरं," ती म्हणाली. आणि मग, "भाऊ, दुकान बंद करानं म्हनस मी. माले आते मनावरच भरवसा नही."

त्या दुकानाशिवाय अक्काला मी कधी पाहिलेलं नाही. चष्मा कपाळावर, पेन्सिल अंबाड्यात, आणि गिऱ्हाईक कितीही घाई करो, शेवटी स्वतःशी पुटपुटत प्रत्येक नाव वाचणारी. हे सगळं एका चौकोनाने जाणार होतं आणि तो चौकोन मी तिच्या पानावर टाकला होता. मी फोनवर रडलो. तिने मलाच समजावलं.

त्यानंतर मी कामाच्या वेळेत आणि कामाच्या वेळेबाहेर तेच शोधत राहिलो. आमच्या कामात तपासणारे लोक जगभर पसरलेले असतात, एकमेकांना फक्त लिहिण्यातून ओळखतात. माझे बदल तोवर बाहेर पडले होते. तपासणाऱ्या कोणालाच काही दिसलं नव्हतं. मी लिहिलं की एका ठिकाणी जुना चौकोन दिसला आहे. तिकडून विचारणा आली, कसा मिळवायचा ते सांगा. मला सांगता येत नव्हतं. मग उत्तरं येणं बंद झालं. ते त्यांच्या जागी बरोबर होते. दाखवता न येणाऱ्या चुकीवर कोण वेळ घालवेल?

पावसाळा संपता संपता कुठल्यातरी थंड देशातल्या एका निवृत्त माणसाची तक्रार आली. तो जुन्या संगणकावर जुने नकाशे जोडून मोठे करायचा. त्याच्या नकाशात भर समुद्रात शेतांचा एक चौकोन आला होता. चित्र जोडलेलं होतं. मी ते उघडलं आणि त्याच्या कडा पाहिल्या, पट्टीने कापल्यासारख्या.

त्या माणसाने आपण काय काय केलं ते नीट लिहिलं होतं. एक मोठा नकाशा बाहेर काढला, आणि काहीही बंद न करता लगेच दुसरा मोठा. मला अक्काची ती दुपार आठवली, श्रद्धांजली आणि मागोमाग लग्न. आणि मग हेही कळलं की दुकानात बसलो होतो तेव्हा मला का दिसलं नाही. चूक झाल्यापासून अक्का घाबरून प्रत्येक कामानंतर प्रोग्राम बंद करून मगच पुढचं घेत होती, आणि माझे खोटे बॅनर तिच्या खऱ्या बॅनरएवढे मोठे नव्हते.

पुढचं पटापट झालं. कार्डात चित्र काढणारा एक भाग असतो आणि काढलेलं चित्र उचलून नेणारा दुसरा. दोघं एकाच बादलीतून घेतात असं मी धरून चाललो होतो. बहुतेक कार्डांवर ते खरं आहे. या जुन्या कार्डावर नेणाऱ्याची बादली वेगळी होती. तिच्यात श्रद्धांजलीचं थोडं उरलं होतं आणि तेच लग्नाबरोबर गेलं. एक हुकूम परत घालायचा होता. एक ओळ. बाकी काढलेले सगळे खरोखरच नको होते.

तो बदल लिहून पाठवला. त्याखाली कारण लिहावं लागतं, मी ते दोन वाक्यांत लिहिलं. नकाशेवाल्याने आभार मानले. शिरपूरकडच्या त्या म्हाताऱ्याला आणि अक्काला त्या दोन वाक्यांत कुठे बसवायचं होतं, मला कळलं नाही.

मी पुन्हा धुळ्याला गेलो. या वेळी वाक्यं जुळवली नाहीत, कारण करून दाखवता येणार होतं. दुकानात अक्काला आणि दाजींना समोर बसवलं. तिच्याच संगणकावर तो चुकीचा ड्रायव्हर घातला. तिच्याच हाताने आधी एक मोठा बॅनर बाहेर काढायला लावला, पिवळा, आणि लगेच दुसरा, निळा. फाईल उघडली. निळ्याच्या खालच्या कोपऱ्यात पिवळा चौकोन.

"ओ!" दाजी उठून उभे राहिले. "अरे, म्हणजे खरंच! मी तर आधीपासून म्हणत होतो."

"तुम्ही भूत म्हणत होतात," मी म्हणालो.

"मग हे काय शे? भूतच शे ना!"

मी अक्काकडे पाहिलं. ती स्क्रीनच्या जवळ गेली, चष्मा खाली घेतला, त्या चौकोनावर बोट ठेवलं. खूप वेळ. मला वाटलं, झालं.

"किती दिवस लागनात तुले हे कराले?" तिने विचारलं.

"कुठलं?"

"हे. पिवळं निळ्यात आणायला."

"मी आणलं नाही, अक्का. आपोआप आलं. तेव्हाही असंच आलं होतं."

ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशयही नव्हता. घड्याळाच्या दिवशी होती तशी माया होती. "तू कॉम्प्युटरले काय बी कराले लावशी, भाऊ," ती म्हणाली. "माले माहीत नही का?"

मी नीट केलेला ड्रायव्हर बसवला. पुन्हा पिवळा, पुन्हा निळा. निळा स्वच्छ आला, आणि झटक्यात आला. "बघ, आता येत नाही," मी म्हणालो. ती म्हणाली, "हो." दाजी तिला समजवायला लागले, भाऊ एवढा शिकलेला, खोटं कशाला बोलेल. ती म्हणाली, "खोटं नाही हो बोलत तो. बहिणीसाठी बोलतो." दाजींनी हातोडी उचलली.

जिला पटवायचं होतं तिला माझं काम इतकं मोठं वाटत होतं, की माझ्या कामातून चूक निघेल हे तिला मान्यच नव्हतं. स्वतःच्या कामातून निघेल हे ती लगेच मान्य करत होती. तिने दुकान बंद केलेलं नाही, एवढंच. तेही दाजींनी हट्ट धरला म्हणून. मी सुचवलं, गिऱ्हाइकाकडून सही घेत जा, मग जबाबदारी तुझी एकटीची नाही. ती म्हणाली, त्यांना काय कळतं, ते स्वतःचंच नाव चुकवतात.

तेवढ्यात एक बाई आल्या. शिवणकामाचा क्लास सुरू करणार होत्या, दारावर बॅनर हवा होता. मशीनचा फोटो, वेळ, फोन नंबर. घाई होती, दुसऱ्या दिवशी उद्घाटन.

"बसा ताई," अक्का म्हणाली, आणि तिने संगणक बंद केला.

"बिघडला का?" बाईंनी विचारलं.

"नाही, चांगला आहे. जरा थांबावं लागतं."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो? संगणक बंद करायची काही गरज नाही, हे सांगणारा मीच, आणि मागे 'रिकामं कर'ची गरज नाही असं ठरवणाराही मीच होतो. काळ्या स्क्रीनसमोर अक्का मांडीवर हात ठेवून बसली होती. बाई पदराने वारा घेत होत्या.

बाहेर ओट्यावर दाजींनी दुपारी आलेला एक बॅनर पसरला होता, कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचा. चौकट लावायला दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. मी जाऊन धरलं. ते खिळे ठोकायला लागले तशी आतून अक्काची हाक आली.

"भाऊ, ठोकाना पहिले तू बी एकदाव दखी ले."

मी वाकून पाहिलं. बाळाचा फोटो, पाळणा, आजोबांचं नाव, आत्यांची नावं, गाव.

"काही नही, अक्का."

"कोपरा दखा का?"

"दखा."

"परत दख."

दाजींनी हातोडी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता बाजूला सरकून जागा केली. मी गुडघ्यावर बसलो आणि डाव्या वरच्या कोपऱ्यापासून पुन्हा बघायला सुरुवात केली.